नाटकाचे सर शोधताना: खान्देशातल्या नवख्या पालकांसाठी

पुण्या-मुंबईत बालनाट्याच्या क्लासची पाटी चौकाचौकात दिसते. आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला पाटी क्वचितच सापडते. इथले नाटकाचे सर दिवसा बँकेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर एखाद्या कॉलेजात असतात आणि संध्याकाळी सहानंतर कुठल्यातरी शाळेचा हॉल मागून घेऊन पोरांची तालीम घेतात. जाहिरात नसते, बऱ्याचदा पावतीपुस्तकही नसतं. बदली होऊन भुसावळला आलेल्या किंवा घरात नाटकाचा गंधही नसलेल्या आईबापांची त्यामुळे पंचाईत होते. जायचं कुठं, आणि गेल्यावर माणूस जाणकार आहे की नुसता बोलघेवडा, हे ओळखायचं कसं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सरांची पारख गॅदरिंगच्या रात्री करू नका, एखाद्या साध्या मंगळवारच्या तालमीत करा. आणि पोरगं 'मला अमुक व्हायचंय' म्हणालं की सर त्याचं काय करतात, तिकडे बारीक लक्ष ठेवा. माझ्या दृष्टीनं निम्मी परीक्षा तिथंच होते.

आधी घरातलं बोलून घ्या

आपल्याला नेमकं काय हवंय, ते आईबापांनी आपसात खरं खरं बोलावं. पोराचा बुजरेपणा जावा, मोबाईल सुटावा, दहावीत वाढीव गुण मिळावेत, टीव्हीवर दिसावा ही चारही कारणं कानावर येतात. पहिली दोन ठीक आहेत. तिसऱ्यासाठी आधी शाळेत विचारा, कारण कलेचे वाढीव गुण ठरावीक कलांना आणि ठरावीक प्रमाणपत्रांनाच मिळतात. सुट्टीतल्या शिबिराचं रंगीत सर्टिफिकेट तिथं चालेलच असं नाही. चौथ्या कारणाबद्दल पुढं सविस्तर लिहिलंय.

मग मुलाकडे वळा. 'मोठेपणी कोण होणार?' हा प्रश्न पाहुण्यांसमोर विचारला की पाठ केलेलं उत्तर येतं. डॉक्टरांच्या घरात डॉक्टर, बाकीच्या घरांत कलेक्टर. एकटं असताना विचारलं की खरी यादी बाहेर येते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या पोराला मालगाडीचं इंजिन चालवायचं असतं, धुळ्याच्या पोरीला भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या ताईसारखं पोलीस व्हायचं असतं, शहाद्याकडच्याला जेसीबी हवा असतो, आणि यूट्यूबर तर आता गल्लोगल्ली आहेत. ही उत्तरं ऐकून हसू नका, सुधारू तर मुळीच नका. फक्त एवढंच म्हणा, 'बरं, करून दाखव.'

याचा काय उपयोग, ते एका शिबिरात मी जवळून पाहिलं. चोपड्याकडचा सात-आठ वर्षांचा एक पोरगा कुणीही विचारलं की 'इंजिनिअर' म्हणायचा. सरांनी करून दाखव म्हटल्यावर नुसता उभा राहिला, हात मागं बांधून. सरांनी त्याला अहिराणीत विचारलं, 'तुना पप्पा काय करतस?' पोराचा चेहराच बदलला. त्यानं खांद्यावर पोत्याची घडी टाकल्यासारखं केलं, मान एका बाजूला कलती केली, गुडघे जरा वाकवले आणि मागच्यानं केळीचा घड अंगावर द्यायची वाट बघत थांबला. घड आला तेव्हा त्याचा खांदा खरोखर खाली गेला. मग छोटी छोटी भरभर पावलं, कारण रेंगाळलं तर ओझं जास्त लागतं. गाडीशी पोचल्यावर तो आडवा वळला आणि घड दोन्ही हातांनी अलगद ठेवला, आपटला नाही, फळाला डाग पडू नये म्हणून. हॉलमधली पोरं गप्प झाली होती. पुढच्या तालमीत त्याचा इंजिनिअरही आला: घड वाहून नेणारं यंत्र बनवणारा, आणि ते यंत्र नेमकं बाप बघायला आल्यावर बंद पडतं.

त्या सरांनी 'इंजिनिअर असा उभा राहतो का रे?' असं म्हटलं असतं, तर पोरगा पुढचे चार दिवस पोट दुखतंय म्हणून घरी बसला असता. तुम्हाला शोधायचाय तो असा माणूस. स्वप्न खरं होईल का, ते चांगलं की वाईट, या भानगडीत तो पडत नाही. त्या कामातले हात कसे चालतात, ओझं कुठं लागतं, मालक कसा बोलतो, हे तो मुलाकडून काढून घेतो.

कुठं विचारायचं

सगळ्यात सोपी जागा म्हणजे नाट्यगृह. जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह असो की धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, तिथल्या ऑफिसपेक्षा लाइट-साउंडवाल्याला गाठा. कोण किती दिवस तालीम घेतो, कोण पोरांवर ओरडतो, कोण रंगीत तालमीला तीन तास उशिरा येतो, हे त्याला सगळं ठाऊक असतं. आणि त्याला कुणाची बाजू घ्यायची नसते. 'जिभाऊ, लहान पोरांचं नाटक मन लावून कोण बसवतं?' एवढं विचारा आणि चहा सांगा.

दुसरी जागा स्पर्धा. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी बालनाट्य स्पर्धा घेतं. तिच्या प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या केंद्रांवर होतात आणि जळगाव हे त्यातलं आपल्या जवळचं केंद्र. तारखा पुढंमागं होतात, म्हणून पेपरातल्या स्थानिक पानावर नजर ठेवा. एक अख्खा दिवस काढून पोराला घेऊन ओळीनं तीन-चार नाटकं बघा. निकालाचं फार मनावर घेऊ नका. ज्या नाटकातली पोरं रंगमंचावर एकमेकांकडे बघून बोलतात, त्याच्या दिग्दर्शकाचं नाव लिहून घ्या. ज्यातली पोरं एका रांगेत उभी राहून प्रेक्षकांकडे तोंड करून वाक्यं ओरडतात, त्याचंही लिहून घ्या, म्हणजे पुढं कुणी ते नाव सुचवलं तर गोंधळ व्हायला नको.

तिसरी जागा कॉलेजं. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. शिवाय कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवासाठी तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे संघ मूकनाट्य, प्रहसन, एकांकिका बसवत असतात. अशा संघातली पोरंपोरी सुट्टीत लहान मुलांची शिबिरं घेतात आणि त्यातली काही फार छान शिकवतात, कारण खेळायचा दम त्यांच्यात अजून असतो. त्यांच्या सोबत एखादं अनुभवी माणूस असलं म्हणजे झालं. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद आणि बालरंगभूमी परिषद यांच्या शाखांकडूनही शिबिरांची खबर मिळते.

तालुक्याच्या गावात किंवा त्याहून लहान गावात राहत असाल तर शोध थोडा वेगळा. तिथं आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतला उत्साही गुरुजी किंवा बाई शोधा. आसपासच्या शाळांच्या प्रत्येक केंद्रात एखादं तरी असतंच. आणि लोककलावंतांना विसरू नका. वहीगायन ही खान्देशी लोककला करणारी मंडळी, तमाशातून निवृत्त झालेले नाना-आप्पा, नंदुरबारकडच्या सोंगाड्या पार्टी या लोकनाट्यातले कलाकार. विनोदाचं टायमिंग, न थांबता तीन तास आवाज टिकवणं, समोरच्या गर्दीला खिशात घालणं हे यांच्यासारखं पुस्तकात कुठं शिकायला मिळणार? पण लहान मुलांना शिकवायची सवय त्यांना असेलच असं नाही, आणि सोंगातल्या काही गोष्टी पोरांसमोर चालत नाहीत. तेव्हा आठवड्यातून एकदा, गुरुजींच्या उपस्थितीत, असं जमवलेलं बरं.

तालीम बघायला जा

'एक तालीम बसून बघू का?' असं फोनवरच विचारा. नाही म्हणाले तर विषय संपला. दुसऱ्या सरांकडे जा. 'पालक असले की मुलं खुलत नाहीत' ही सबब अर्धी खरी आहे, म्हणून रोज बसायचा हट्ट आपणही धरू नये. पण प्रवेशाआधी एकदाही बघू देत नाहीत म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय.

हॉलमध्ये गेल्यावर चटपटीत पोरांकडे बघू नका. ती कुठंही टाकली तरी चमकतात. मागच्या रांगेतलं सगळ्यात गप्प पोरगं हेरा आणि तासभर तिथंच लक्ष ठेवा. सर त्याच्यापर्यंत पोचतात का? त्याला नावानं हाक मारतात का? की नाटकभर त्याला झाड करून उभं केलंय? झाड करायला हरकत नाही, पण त्या झाडाला काही काम हवं. एका तालमीत एक मुलगी कुजबुजली, 'माले जमाव नही.' मॅडम म्हणाल्या, 'बरं, मग हेच वाक्य राणीला जाऊन सांग.' मुलगी राणीसमोर गेली, मान खाली घालून तेच बोलली आणि ते नाटकात राहिलं.

दुसरी खूण वाक्यांची. जे सर प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवतात आणि 'आता माझ्यासारखं म्हण' सांगतात, त्यांच्याकडची पोरं गॅदरिंगला टाळ्या घेतात, पण सगळी एकाच सुरात बोलतात. डोळे मिटून ऐकलं तर दहाही पोरं म्हणजे तेच सर वाटतात. चांगले सर विचारतात, 'तुझी सायकल खरंच कुणी नेली असती तर तू काय म्हणाला असतास?' पोरगं जे म्हणेल त्यातून वाक्य घडवतात. यात वेळ जातो, नाटक हळू बसतं, आणि पालकांना वाटतं इथं काही होतच नाहीये.

तिसरी खूण बोलीची. अहिराणी, तावडी, लेवा बोली, पावरी, भिलोरी असं काही ना काही घेऊनच आपली पोरं हॉलमध्ये येतात. 'शुद्ध बोल' हे ज्या सरांचं पहिलं वाक्य असतं, तिथं निम्मी पोरं पहिल्याच दिवशी तोंड मिटतात. प्रमाण मराठीचे उच्चार शिकवायला हवेतच, स्पर्धेत त्यांचा उपयोगही होतो. पण आधी तोंड उघडू द्या, मग 'न' आणि 'ण' बघू. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या ओव्यांवर ज्या मुलखाची मान ताठ होते, तिथं हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये खरं तर.

संहिता कुठून आणतात, तेही विचारून घ्या. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं तेव्हापासून मराठीत बालनाट्याची चांगली परंपरा आहे. राजा, राणी, चेटकीण त्यात भरपूर. नंतर मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आणली आणि घरातली भांडणं, शाळेची भीती, आईबापांचं न ऐकणं असे मुलांचे खरे विषय रंगमंचावर आले. सरांना यातलं काही माहीत असेल तर माणूस वाचणारा आहे. 'यूट्यूबवर बघून बसवतो' म्हणाले तर तिथंच काय ते समजा. आणि दर नाटकाच्या शेवटी एक पोरगं पुढं येऊन 'झाडे लावा' किंवा 'मुलगी वाचवा' म्हणत असेल, तर ती स्पर्धेच्या परीक्षकांसाठीची सोय आहे; मुलांना त्यातून काय मिळतं कोण जाणे.

सरांशी बोलणी

इथं संकोच करू नका. फी महिन्याची की शिबिराची, ड्रेपरीचं म्हणजे नाटकातल्या कपड्यांचं भाडं आणि मेकअपचा खर्च वेगळा का, स्पर्धेला बाहेरगावी गेलो तर प्रवास-जेवण कुणाकडे, हे आधीच बोलून घ्यावं. ऐन प्रयोगाच्या आठवड्यात फेट्याच्या भाड्यावरून झालेली भांडणं वर्षभर पुरतात. परीक्षेच्या दिवसांत तालीम किती वेळ, भूमिका कशा वाटतात, एक मूल आजारी पडलं तर त्याची जागा कोण घेतं, हेही विचारा. भूमिकेबद्दल 'जो चांगला करेल त्याला' एवढंच उत्तर आलं तर थोडं खोदा. लहान गटात भूमिका फिरत्या ठेवणारे सर मला जास्त पटतात. पोलीस व्हायचंय म्हणणाऱ्या पोरीला एकदा चोराचं काम मिळालं पाहिजे. पकडलं जाताना कसं वाटतं ते कळलं की तिचा पोलीस आपोआप सुधारतो.

एका हॉलमध्ये वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं आणि एकटेच सर असतील तर विचार करा. सहा वर्षांचं आणि चौदा वर्षांचं मूल एकाच खेळात घातलेलं असेल तरीही.

सुरक्षेचं

हा भाग थोडक्यात लिहितो, पण वगळू नका. तालमीच्या खोलीचं दार उघडं असावं आणि सरांखेरीज दुसरं मोठं माणूस, शक्यतो बाई, तिथं असावी. कपडे बदलायला मुलींना वेगळी जागा. नाटकाच्या खेळांत हात धरणं, पाठीवर पडणं, उचलणं येतं. ते सगळ्यांसमोर व्हावं आणि 'मला नको' म्हणायची मुलाला मुभा असावी. तालीम संपल्यावर पोरगं कुणासोबत घरी जाणार, ते सरांना नाव घेऊन सांगून ठेवा. काही वावगं वाटलं तर गप्प बसू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबाबतचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कुठूनही फुकट लागते. सर कितीही नावाजलेले असोत, हे नियम त्यांनाही लागू. चांगले सर तर तुम्ही विचारण्याआधीच हे सांगतात.

'सिरियलमध्ये घेतो' म्हणणारे

सुट्टी लागली की शहरातल्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये 'ऑडिशन' लागते. मुंबईहून आलेला म्हणवणारा माणूस पोराचे दोन संवाद ऐकतो, 'फेस फोटोजेनिक आहे' म्हणतो आणि रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, वर्कशॉप असे पैसे मागतो. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाही, एवढी गाठ पदराला बांधा. पैसे मागितले की उठून घरी या.

समजा खरंच बोलावणं आलं. तर कायदा काय म्हणतो ते माहीत हवं. १४ वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करू देताना निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत जायला हवी. ऑडिशनवाल्याला यातला एकच नियम विचारून बघा. खोटा असेल तर घाईनं विषय बदलेल.

आणि पोराला खरंच नट व्हायचं असेल तरी दहाव्या वर्षी घाई कशाची? दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशासाठी पदवी लागते आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी या वाटाही शाळा संपल्यानंतरच्याच आहेत. शाळेच्या वयात भरपूर खेळावं, वाचावं, माणसं बघावीत. आठवडी बाजारात भाव करणाऱ्या बायका, सराफ बाजारात तराजूकडे डोळे लावून बसलेलं गिऱ्हाईक, लग्नात रुसलेला मामा, हा सगळा अभ्यासच आहे.

क्लास सुरू झाल्यावर

पहिले दोन-तीन महिने घरी फारसं काही दिसणार नाही. पोरगं घरी येऊन 'आज आम्ही आरसा-आरसा खेळलो' सांगेल. आजी विचारेल, 'यासाठी पैसे भरले का?' धीर धरा. समोरच्याची हालचाल जशीच्या तशी करायची म्हटलं की त्याच्याकडे नीट बघावं लागतं, आणि बघायची सवय लागायला वेळ जातोच. पाहुणे आले की 'काकांना डायलॉग म्हणून दाखव' हे मात्र बंद करा. त्यानं शिकलेलं सगळं मोडतं.

पोराचं मन दिव्यांत, कपड्यांत किंवा आवाजांत रमलं तर हिरमुसू नका. प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं राहून नेमक्या क्षणी पावसाचा आवाज सोडणाऱ्या पोराला जी जबाबदारी कळते, ती राजाचं काम करणाऱ्यालाही कळेल याची खात्री नाही. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, ध्वनी, लेखन ही सगळी पोट भरणारी कामं आहेत, हे मुलांना सरांकडूनच कळायला हवं. महिन्यातून एकदा एखाद्या कामकरी माणसाला, मग तो इलेक्ट्रिशियन असो, नर्स असो की लोको पायलट, तालमीला बोलवा असं सरांना सुचवून बघा. पोरं त्याला जे प्रश्न विचारतात ते ऐकण्यासारखे असतात. 'इंजिन चालवताना झोप आली तर?' हा त्यातला सगळ्यात साधा.

क्लास कधी सोडावा? पोरगं सलग तीन-चार आठवडे जायला टाळत असेल, घरी येऊन गप्प गप्प राहत असेल, सरांचं नाव काढलं की चिडत असेल, तर आधी त्याच्याशी बोला, मग सरांशी, आणि मग बिनदिक्कत सोडा. भरलेल्या फीकडे बघू नका.

आणि सरच सापडले नाहीत तर

हे होतं, विशेषतः साक्री, अक्कलकुवा, बोदवडसारख्या ठिकाणी. मग पाच-सहा पालकांनी एकत्र यावं, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन शनिवारी दुपारी शाळेचा व्हरांडा मागावा आणि जवळच्या कॉलेजातून 'युवारंग'ला जाऊन आलेल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला येण्या-जाण्याचं भाडं आणि थोडं मानधन देऊन बोलवावं. आळीपाळीनं एक आई किंवा बाप तिथं बसावा. सुरुवातीला संहिताबिंहिता काही नको. मुलींच्या भुलाबाईची गाणी, आखाजीचा म्हणजे अक्षय तृतीयेचा झोका, श्रावणातल्या कानबाई देवीचे रोट पोरांना तोंडपाठ असतात, त्यांचीच आधी दृश्यं करायला लावावीत. उन्हाळी शिबिर घ्यायचं तर सकाळी सात ते साडेनऊ. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दहानंतर पत्र्याच्या हॉलमध्ये कुणालाच काही सुचत नाही. हॉलचा अर्ज मात्र मार्चमध्येच देऊन ठेवा, कारण एकदा लग्नसराई सुरू झाली की गावातली एकही जागा रिकामी मिळत नाही.